ब्लेडेड जिग बनवण्याचा घरगुती संच: साचा भक्कम, सांधा कच्चा

ब्लेडेड जिग म्हणजे मासेमारीचे कृत्रिम आमिष (लुअर): गळावर ओतलेले धातूचे डोके आणि त्याच्यापुढे थरथरणारे धातूचे पाते. ते घरी बनवण्याचे संच दोन तऱ्हेचे मिळतात. एकात डोके आधीच ओतून आणि रंगवून येते. आपण पाते अडकवायचे आणि स्कर्ट, म्हणजे गळाभोवतीची धाग्यांची झालर, बांधायचा, की काम झाले. दुसऱ्यात अॅल्युमिनियमचा साचा, मोकळे गळ, स्टीलची पाती, स्नॅप (दोरी जोडायची उघडमीट होणारी कडी), स्प्लिट रिंगा (किल्ल्यांच्या कडीसारख्या दुहेरी वेढ्याच्या रिंगा) आणि सिलिकॉनचे स्कर्ट असतात. शिसे आपले आपण आणायचे. हे परीक्षण दुसऱ्या तऱ्हेच्या संचाचे आहे. साच्यात ३/८ औंस (१०.६ ग्रॅम) आणि १/२ औंस (१४.२ ग्रॅम) अशा दोन पोकळ्या, ५/० मापाचे गळ, आणि त्यांना जुळेल असे बाकीचे सामान.

निकाल आधीच सांगून टाकतो. साचा घेण्याजोगा आहे, पाती चांगली आहेत, स्कर्ट कामापुरते आहेत, स्नॅप बदलावेत. पाते डोक्याला कसे जोडायचे याची जी सूचना सोबतच्या कागदावर असते, ती मात्र अपुरी आहे, आणि या लुअरचा सगळा जीव त्याच सांध्यात आहे. रंग कितीही देखणा असो, सांधा चुकला तर पाण्यात निर्जीव जिग फिरवल्यासारखे होते.

असे का, ते समजून घेतले की पुढची प्रत्येक पायरी सोपी होते. दोरी थेट डोक्याला बांधलेली नसते, ती पात्याला बांधलेली असते, आणि डोके पात्यामागे ओढले जाते. पाते पाण्यासमोर आडवे येते, दाब सहन न होऊन एका बाजूला घसरते, डोक्याच्या कडेवर आदळते आणि तिथून उसळून दुसऱ्या बाजूला जाते. काठीत जाणवणारी थरथर म्हणजे हेच आदळणे. डोके इथे नुसते वजन नाही, पात्याला आवर घालणारा अडसरही आहे. त्यामुळे पाते आणि डोके यांच्यातली फट, सांध्याची मोकळीक आणि डोक्याच्या नाकाची रुंदी या तीन गोष्टी एकमेकींना धरून असाव्या लागतात. फट फार असेल तर पाते डोक्यापर्यंत पोचायच्या आत पाण्यात कलंडते. फार कमी असेल तर ते सुरूच होत नाही.

आता सांधा. संचातल्या पात्याला वरच्या टोकाकडे दोन भोके असतात, एक दोरीच्या स्नॅपसाठी आणि एक डोक्यासाठी. कागदावर लिहिलेले असते, "स्प्लिट रिंगने पाते गळाच्या कडीला जोडा." गळाची कडी कोणत्या दिशेची हवी, यावर एक शब्दही नाही. साखळीचा कोणताही दुवा शेजारच्या दुव्याला काटकोनात बसतो. पाते चालीच्या दिशेला आडवे राहायला हवे, म्हणून त्याला धरणारा दुवा उभा हवा. मध्ये एक रिंग घालणार असाल तर ती रिंग उभी राहील आणि गळाची कडी सपाट, म्हणजे आडवी असावी लागेल. गळाची कडी उभी असेल आणि तरी मध्ये एक रिंग घातली, तर पाते काटकोनात फिरते, पाण्याला धार दाखवते आणि थरथर जवळपास नाहीशी होते. उभ्या कडीला पाते थेट अडकले पाहिजे, मध्ये काहीही नको. दोन रिंगा घालून दिशा जुळते खरी, पण सांधा इतका सैल होतो की पाते डोक्याखाली जाऊन अडकते.

काही संचांत दोन्ही प्रकारचे गळ मिसळलेले असतात, म्हणून ओतण्याआधी गळ हातात घेऊन कडी तपासा. दांडी डोळ्यांसमोर आडवी आणि टोक वर धरल्यावर बाजूने कडीचे भोक आरपार दिसले तर ती उभी. नुसती तारेची जाडी दिसली तर सपाट.

सपाट कडी आणि एक रिंग ही सर्वांत सोपी रचना, आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. रिंग शक्य तितकी लहान पण जाड तारेची घ्या. मोठ्या रिंगमुळे फट वाढते, आणि हळू ओढताना पाते उशिरा जागे होते. रिंग बसवायला स्प्लिट रिंगची खास पक्कडच वापरा. साध्या पकडीने फाकवलेली रिंग पुन्हा घट्ट मिटत नाही, आणि मग तिच्या तोंडात पाते अडकून बसते.

खरी चांगली रचना थेट सांध्याची. ती संचाच्या कागदावर नसते, पण संचातल्याच साच्यात करता येते. ०.९ ते १ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस तार घ्या, ती पात्याच्या भोकातून ओवा आणि तिचा लहान फासा वळवा. फाशाचे दोन्ही पाय गळाच्या कडीतून घालून मागे दुमडा, मग हे सगळे साच्यात ठेवून ओता. पाय कडीतून गेलेले असल्यामुळे माशाचा जोर तारेकडून थेट गळावर जातो, नुसत्या शिशाच्या पकडीवर भिस्त राहत नाही. फासा नाकाबाहेर ३ ते ४ मिलिमीटर राहावा. यासाठी गळाची कडी पोकळीच्या आत बसणारी हवी, आणि साच्याच्या नाकाशी तारेपुरती खाच हवी. खाच नसेल तर गोल सुईकानशीने दोन्ही अर्धांत सारखी घासा, तारेच्या जाडीच्या निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे. जास्त घासली तर तिथून शिसे बाहेर येईल आणि फाशाभोवती गोठून पाते जागच्या जागी बसवून टाकेल.

साच्याबद्दल तक्रार करण्यासारखे फार थोडे. दोन्ही अर्ध नीट मिटतात, बिजागरी सैल नाही, लाकडी मुठी हाताला उष्णता लागू देत नाहीत. पोकळीत ट्रेलर (गळावर मागून ओवायचे मऊ आमिष) रोखणाऱ्या काट्याची जागा कोरलेली आहे, ही मोठी सोय. डोके नाकाशी निमुळते आणि मागे रुंद आहे. पात्याच्या दृष्टीने हा आकार बरोबर, कारण पाते आदळते ते निमुळत्या भागाच्या दोन्ही बाजूंना, आणि तिथे त्याला पुरेसा झोका मिळतो. गोल डोक्याच्या साध्या जिगच्या साच्यात हे जमत नाही. तिथे पाते लगेच अडते आणि झोका तोकडा पडतो.

एक दोष आहे. गळाच्या दांडीसाठी कोरलेली खाच एका ठरावीक जाडीच्या तारेलाच जुळते. त्याच ५/० मापाचा, पण जाड तारेचा गळ टाकला की साचा केसभर उघडा राहतो आणि डोक्याच्या शिवणीवर शिशाचा पातळ पापुद्रा येतो. पापुद्रा चाकूने निघतो, पण गळ वाकडा बसलेला असेल तर लुअर आयुष्यभर एका बाजूला झुकून चालेल. म्हणून संचातले गळ संपल्यावर नवे आणताना नुसते माप पाहू नका. जुना गळ शेजारी ठेवून तारेची जाडी, दांडीचा वाक आणि कडीची दिशा तिन्ही जुळवा.

ओतकामाच्या सूचना संचात अर्ध्या पानावर उरकल्या आहेत. पुरवणी अशी. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण ओतायला ३७० ते ४०० अंश लागतात. पहिली दोन-तीन डोकी अर्धवट येणारच, कारण साचा थंड असतो. ती परत भांड्यात टाका. त्यानंतरही नाक किंवा ट्रेलरचा काटा अपुरा राहत असेल तर मेणबत्तीच्या ज्योतीवर पोकळीला काजळी धरा. शिसे काजळीवरून जास्त सहज वाहते आणि डोके सुटतेही चटकन. वर आलेली राखाडी मळी पळीने काढून टाका, ती डोक्यात गेली तर वजन कमी भरते आणि खड्डे पडतात.

पाणी आणि वितळलेले शिसे यांची गाठ कधीही पडू देऊ नका. ओला गळ, दमट पळी किंवा बाहेर पडून राहिलेला शिशाचा तुकडा भांड्यात गेला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसे उसळून अंगावर येते. सगळे सामान आधी गरम करून कोरडे करा. डोळ्यांवर चष्मा, लांब बाह्या, बंद बूट. काम उघड्यावर किंवा वारा खेळता असेल अशा जागी. ज्या भांड्यात शिसे वितळवले ते पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय खाणेपिणे नाही. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया त्या जागी नसाव्यात. संच विकणाऱ्यांनी हे ठळक अक्षरांत छापायला हवे, आणि ते छापलेले नाही ही आमच्या दृष्टीने या संचाची सर्वांत गंभीर उणीव आहे.

शिसे नको असेल तर बिस्मथ आणि कथिल यांचा ५८:४२ मिश्रधातू चालतो. तो १३८ अंशांनाच वितळतो, त्यामुळे काम बरेच सुरक्षित होते. शिवाय काही देशांत लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे. ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅम या टप्प्यातली शिशाची वजने मासेमारीसाठी चालत नाहीत. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. या मिश्रधातूची घनता शिशाच्या सुमारे तीन चतुर्थांश आहे, त्यामुळे १४.२ ग्रॅमच्या पोकळीतून जवळपास १०.८ ग्रॅमचे डोके निघते. ३/८ औंसाचा लुअर हवा असेल तर १/२ औंसाची पोकळी वापरा, हिशेब जुळतो. दुसरी गोष्ट, तो शिशापेक्षा ठिसूळ आहे. खडकावर आपटले तर शिसे चेपते, हा तडकू शकतो. नाकाशी तारेचा फासा असेल तिथे तर अधिकच.

रंगाची निवड याच्याशीच बांधलेली आहे. शिशाच्या डोक्याला पावडर रंग उत्तम. डोके गरम हवेच्या यंत्राने तापवायचे, हलवून मोकळ्या केलेल्या पावडरीत क्षणभर बुडवायचे आणि मग १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये १५ ते २० मिनिटे भाजायचे. तो ओव्हनही पुन्हा अन्नासाठी वापरायचा नाही. उष्णता डोक्याला द्या, गळाला नको. टोक निळसर पडले की पोलादाचा ताठा गेला आणि तो गळ ओढ बसताच सरळ होतो. बिस्मथच्या डोक्याला हा रंग देता येत नाही, कारण १७५ अंशांना डोकेच वितळून ओव्हनच्या तळाशी जाईल. त्याला हवेत वाळणारा एनॅमल लावा आणि वर इपॉक्सीचा पातळ थर द्या.

थेट सांध्याच्या जिगला रंग देताना आणखी एक अडचण येते. पाते आधीच अडकलेले असते, पावडर फाशात शिरते, भाजल्यावर कडक होते आणि पाते तिथेच चिकटते. म्हणून भाजण्याआधी फाशाभोवतीची पावडर कोरड्या ब्रशने झाडून काढा, आणि भाजून झाल्यावर डोके कोमट असतानाच पाते दोन्ही बाजूंना हलवून मोकळे करून घ्या. नाकाच्या दोन्ही कडांवरचा रंग पात्याच्या माराने लवकर उडतो. तो उडणारच, तिथे इपॉक्सीचा जास्तीचा थेंब दिला तर थोडा टिकतो.

पाती ०.८ मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलची, षटकोनी, भोके मध्यरेषेवर बरोबर पाडलेली. याच कारणासाठी पाती घरी कापू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. स्टेनलेस पत्रा कात्रीने कापताना मुरडतो, आणि भोक पाडताना वेग जास्त झाला की धातू जागच्या जागी कठीण होऊन ड्रिलचे टोक जाळतो. कमी वेग, भरपूर तेल आणि कोबाल्टचे टोक वापरून जमते, पण भोक मध्यरेषेपासून अर्धा मिलिमीटर सरकले तरी लुअर एका अंगाला पळतो. तयार पाती घ्यावीत, आणि त्यांच्यावर एकच काम करावे: भोकांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करणे. साच्यातून ठोकून काढलेल्या पात्याच्या एका बाजूला भोकाची कड बोचरी असते. ती स्नॅप झिजवते आणि गाठ स्नॅपवरून घसरली तर दोरीही कापते.

पात्याच्या वरच्या भागाला दिलेला वाक जास्त असेल तर पाणी जास्त अडते, थरथर जोरकस होते आणि लुअर वर उचलला जातो. वाक कमी असेल तर चाल बारीक आणि लुअर खोल. संचातला वाक मध्यम आहे आणि बहुतेक कामाला तो पुरतो. स्वतः बदलायचा असेल तर पाते दोन सपाट लाकडी तुकड्यांत शिकंज्यात धरून वाकवा. नुसत्या पकडीने वाकवले तर पाते पिळते, आणि पिळलेले पाते पुन्हा सपाट होत नाही.

स्नॅप बदलावेत असे वर म्हटले आहे. संचातले ड्युओ-लॉक स्नॅप पातळ तारेचे आहेत. या लुअरमध्ये स्नॅपवर सतत हादरे बसतात, आणि मोठा मासा वळला की पातळ स्नॅप फाकतो. एक माप मोठा, जाड तारेचा स्टेनलेस स्नॅप घाला, मात्र तो पात्याच्या भोकात मोकळा फिरतो का ते बघा. इथे स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारा जोड, लावण्याचा मोह टाळा. जोडाची लांबी वाढते, पाते आणि दोरी यांच्यात ढिलाई येते आणि चाल मंदावते.

स्कर्टमध्ये सिलिकॉनचे साधारण ५० धागे आणि वर रबरी पट्टी असते. पट्टी उन्हाने कडक होऊन तुटते किंवा मासा चावला की घसरते. तिच्याऐवजी ०.३ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचे तीन-चार घट्ट वेढे द्या, टोके पिळून कापा आणि पीळ डोक्याखाली दाबून टाका. मग रबरी पट्टी कापून काढा. धागे गळाच्या बाकाच्या मागे १० ते १५ मिलिमीटर राहतील इतके ठेवून छाटा. दाट स्कर्ट दिसायला भरगच्च वाटतो पण पाण्यात ब्रेकसारखा काम करतो. चाल जड वाटली तर खालच्या बाजूचे सात-आठ धागे उपटून बघा. ट्रेलरचेही तसेच: जाड, मोठ्या शेपटीचा ट्रेलर स्वतःची हालचाल करतो आणि पात्याची मारतो. सपाट, दुभंगलेल्या शेपटीचा ट्रेलर पात्याच्या तालावर हलतो. तो गळावर मधोमध आणि सरळ ओवला गेला पाहिजे. वाकडा ओवलेला ट्रेलर हे लुअर एका बाजूला पळण्याचे सगळ्यात साधे कारण आहे, आणि लोक पाती वाकवत बसतात.

तपासणी पाण्यात करा, टेबलावर नको. मोठ्या टबात किंवा उथळ पाण्यात दोरी धरून लुअर एक मीटर हळू ओढा. पाते पहिल्या हातभर अंतरातच थरथरू लागले तर सांधा बरोबर. झटका दिल्याशिवाय सुरू होत नसेल तर आधी स्नॅप आणि भोक बघा, मग फाशात रंग अडकला आहे का, मग फट. सुरू होऊन मध्येच बंद पडत असेल तर पाते डोक्याखाली अडकते आहे, म्हणजे रिंग मोठी आहे किंवा फासा लांब आहे. फासा पकडीने उभा दाबून थोडा आखूड करता येतो. फार दाबला तर पाते जखडते. उलटा होऊन चालत असेल तर वेग जास्त आहे किंवा डोके हलके आहे, आणि हे बिस्मथच्या डोक्यांत जास्त दिसते.

हे लुअर स्वतःच्या पेटीसाठी बनवायला काही हरकत नाही. विकायचे असतील तर थांबा. अशा लुअरला सर्रास दिले जाणारे चॅटरबेट हे नाव झी-मॅन या अमेरिकी कंपनीचे नोंदलेले व्यापारचिन्ह आहे, आणि पाते डोक्याला जोडण्याच्या रचनांवर पेटंटही घेतली गेली आहेत. आपल्या देशात काय लागू आहे ते विक्रीआधी पाहणे भाग आहे.

वर्षाला दोन-चारच जिग लागत असतील त्यांनी हा संच घेऊ नये. भांडे, पळी, ओव्हन आणि रंग धरून खटाटोप मोठा आहे. त्यांच्यासाठी तयार डोक्यांचा संच बरा, फक्त कडी सपाट आणि रिंग एक, एवढे पाहून घ्यावे. खडकाळ किंवा झाडोऱ्याच्या पाण्यात मासेमारी करणारे, ज्यांचे लुअर सारखे अडकून तुटतात, त्यांना हा साचा नक्की घ्यावा असे सांगू. त्यांनी शक्य असल्यास पूर्ण संच न घेता साचा, त्याच्या खाचेला जुळणारे गळ आणि पाती सुटी मागवावीत, आणि जाड स्नॅप व स्टेनलेस तार वेगळी घ्यावी.